ससा मुळातच घाणेरडा असतो का?

गेल्या वर्षी आम्ही भाड्याचं घर बदललं. आई, मी, भाची आणि भाचीचा ससा चिकू. जुन्या घरात चिकू कोपऱ्यातल्या ट्रेमध्येच लेंड्या टाकायचा, मुतायचाही तिथेच. नव्या घरात तिसऱ्याच दिवशी त्याने आईच्या गादीवर मुतून ठेवलं. आठवडाभरात दाराशी, कपाटाखाली, जिकडेतिकडे लेंड्या. वास जिन्यापर्यंत गेला तर घरमालक काय म्हणेल, ही धास्ती. आडनाव सांगितल्यावर घर मिळणं किती अवघड होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

शेजारच्या काकू आल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सशाची जातच घाणेरडी. नाकावर चापटी मारा, नाहीतर सोडून या कुठेतरी."

बोलणं सशाबद्दल होतं, तरी आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. माणसाची तुलना सशाशी मला करायची नाही. असल्या तुलना आपल्या वाट्याला पुष्कळ आल्या आहेत. माझा आक्षेप त्या विचारपद्धतीवर आहे. परिस्थिती पाहायची नाही, वागण्याला स्वभाव म्हणायचं आणि स्वभाव ठरला की शिक्षा करायची. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना याच सवयीला प्रश्न विचारायला शिकले. मग सशाच्या बाबतीत तो का विचारू नये?

सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते असं. पाळीव ससे ज्या रानटी सशांपासून आले, ते बिळात राहतात आणि ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात. त्या वासाने हद्द आखली जाते. म्हणजे जागा ठरवून घेणं सशाच्या अंगातच आहे. घर बदललं की ओळखीचे वास जातात, हद्द नव्याने आखावी लागते. नर वयात आलेला असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर हे आखणं वाढतं. चिकू घाण करत नव्हता. हे घर आपलं आहे का, ते चाचपत होता.

पहिल्याच दिवशी त्याला सगळं घर मोकळं दिलं, ही चूक आमची. मग तो वारंवार जायचा तोच कोपरा जाळी लावून त्याला दिला. तिथे मोठा ट्रे ठेवला. तळाला वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि एका बाजूला भरपूर वाळलेलं गवत, कारण ससा चरता चरताच लेंड्या टाकतो. बाहेर पडलेल्या लेंड्या आणि मूत टिपलेला कागद ट्रेमध्ये टाकायचा, म्हणजे वास त्याला जागा दाखवतो. फरशी पांढऱ्या व्हिनेगरने पुसायची. मांजरांसाठी मिळणारी, गुठळ्या होणारी माती वापरायची नाही. सशाने ती खाल्ली तर आतडं तुंबू शकतं. आणि चापटी अजिबात नाही. मारलेला ससा ट्रे शिकत नाही, माणसाला घाबरायला शिकतो.

नसबंदीही करून घेतली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागले. महिनाभर ट्रे नीट वापरल्यावर जाळी काढली आणि एकेक खोली मोकळी केली.

आता माझी स्वतःची गोष्ट. सुरुवातीला ट्रे आईच धुवायची. भाची शाळेत, मी कामावर. आईने ३० वर्षं लोकांच्या घरच्या मोऱ्या आणि संडास घासले. एका सकाळी तिला ट्रेवर वाकलेली पाहिलं आणि लाज वाटली. मी वस्त्यांमध्ये श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलते, आणि माझ्या घरातली घाण पुन्हा त्याच हातांवर! त्या दिवशी ठरलं, ससा ज्यांना हवा, ट्रे त्यांचा. सकाळी भाची, संध्याकाळी मी. लेंड्या कुंडीतल्या मिरचीला खत म्हणून जातात. ओला कागद नीट बांधून देतो, कचरा नेणाऱ्या ताईंचा हात त्यात पडू नये म्हणून.

परवा काकू पुन्हा आल्या. चिकू ट्रेमध्ये बसून गवत खात होता. "शिकला की हा!" त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "त्याला येतच होतं. जागा मिळाली नव्हती."

मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी कशालाही 'जातच तशी' म्हणालं, की दोन प्रश्न विचारा. त्याला जागा दिली होती का? आणि घाण उचलतं कोण?