फुलोऱ्यातला सौदा

२६ मे २०२५ ला मुंबईत मान्सून आल्याची बातमी झळकली. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे १६ दिवस आधी. अंबरनाथला आमच्या इमारतीतली पोरं गच्चीवर भिजत होती. मीही पावसाचा व्हिडिओ स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, 'अल्लाहची रहमत'. अब्बांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत. चपला घालत एवढंच म्हणाले, "गाडी काढ. बदलापूरला जाऊन येऊ."

अब्बा बागवान. उल्हासनगरच्या बाजारात त्यांचा फळांचा धंदा आहे. दरवर्षी मार्चमध्ये ते बदलापूरजवळच्या एका गावातल्या पाटलांची जांभळाची झाडं घेतात. झाडं घेतात म्हणजे त्या हंगामाचं फळ घेतात. फुलोरा बघून अंदाज बांधायचा, निम्मे पैसे तेव्हाच द्यायचे, उरलेले माल उतरल्यावर. पाटलांना मार्चमध्ये पैसा लागतो आणि अब्बांना झाड दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नसतं. कागद नाही, सही नाही. मी शाळेत होतो तेव्हापासून हे असंच चालू आहे.

बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. नाव मोठं झालं, पण फळ नाजूकच राहिलं. उतरवल्यावर एक-दोन दिवसांत खपलं नाही तर टाकून द्यावं लागतं. त्याला मे महिन्याचं कोरडं ऊन हवं असतं. त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच वादळी पाऊस झाला आणि हिरवी फळं गळली. मग तो थांबत थांबत येतच राहिला. जी फळं झाडावर उरली ती फुटली, पाणचट झाली.

आम्ही पोचलो तेव्हा झाडाखालचा चिखल जांभळा झाला होता. फळ उतरवणारी दोन आदिवासी पोरं पाटलांच्या पडवीत बसून होती. जांभळाची फांदी मुळात ठिसूळ, त्यात ओली. वर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. अब्बांनी त्यांना सांगितलं, "चढू नका. उरलंय ते पाखरांचं." येताना रस्त्यात वीटभट्टी लागली. प्लास्टिकखाली झाकलेल्या कच्च्या विटा कडांनी विरघळून पुन्हा माती झाल्या होत्या. ज्यांनी त्या थापल्या ती माणसं दिवाळीनंतर उचल घेऊन आलेली असतात, ती फेडल्याशिवाय त्यांचा हंगाम संपत नाही.

माझं स्टेटस मला तेव्हा आठवलं. पाऊस रहमत आहे हे खरंच. पण एक हदीसही आहे, लहानपणी मदरशात ऐकलेली. दुष्काळात जुम्याच्या दिवशी एक माणूस उठून पावसासाठी दुआ मागायला सांगतो. आठवडाभर पाऊस पडतो. पुढच्या जुम्याला तक्रार येते, घरं पडताहेत, आता तो थांबावा. प्रेषित (स.) पाऊस बंद व्हावा असं मागत नाहीत. तो आमच्यावर न पडता आजूबाजूला पडावा, टेकड्यांवर, ओढ्यांत, झाडाझुडपांच्या जागी पडावा, असं मागतात. पावसालाही जागा असते, वेळ असते, हे मला त्या चिखलात उभं राहिल्यावर कळलं.

पंचनाम्याचं मी विचारलं तर पाटील हसले. "चाचांचं नाव सातबाऱ्यावर कुठाय? आणि माझ्या सातबाऱ्यावर तरी जांभूळ कुठाय? तिथं भात आहे. झाडं बांधावर." नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी मदत मिळते, पण ती नोंदलेल्या पिकाला. नोंद नसलेल्या झाडाला, झाड घेतलेल्या बागवानाला, वर चढणाऱ्या पोराला कुठला रकाना नाही.

परतताना अब्बा गाडीवर मागे बसून बोलले. "चूक माझीपण आहे. फळ तयार होण्याची चिन्हं दिसेपर्यंत झाडावरचं फळ विकू-घेऊ नये, असं दीन सांगतो. कारण हेच, अल्लाहने फळच दिलं नाही तर भावाचे पैसे कशाबद्दल घ्यायचे? मला माहीत होतं. तरी दरवर्षी फुलोऱ्यातच सौदा केला."

घरी येऊन मी थोडं वाचलं. आफत आली तर विकणाऱ्याने रक्कम सोडावी, अशीही हदीस आहे. ती कितपत बंधनकारक यावर इमामांत मतभेद आहेत. इमाम मालिक यांच्या मते नुकसान एक तृतीयांशापर्यंत गेलं की रक्कम कमी करावीच लागते. सरकारचे ३३ टक्के आणि त्यांचा तिसरा हिस्सा यांतलं साम्य बघून मी थबकलो. फरक एवढाच की तिथे हिशेब सातबाऱ्याचा नाही, सौदा केलेल्या दोन माणसांचा आहे.

७ जूनला बकरी ईद होती. त्याच्या दोन दिवस आधी अब्बा उरलेले पैसे घेऊन पाटलांकडे गेले. पाटलांना हदीस माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते म्हणाले, "चाचा, फळच नाही तर पैसे कसले? मार्चमधले मात्र खर्च झाले, ते परत देता यायचे नाहीत." अब्बांनी ते मागितलेही नव्हते. हातातल्या पैशातून त्यांनी त्या दोन पोरांना बुडालेल्या दिवसांची मजुरी दिली आणि बाकीचे घेऊन घरी आले. दोघंही तोट्यात होते, पण भांडण नव्हतं.

निघताना ठरलं, पुढचा सौदा फळाला रंग चढल्यावर. अब्बांना हलकं वाटलं. मला मात्र पाटलांची काळजी वाटते. त्यांना पैसा मार्चमध्येच लागणार, आणि फुलोऱ्यात नोटा मोजायला दुसरा कोणी येईलच. व्याज न घेता त्यांची मार्चची गरज भागवणारं कोणी आपल्यात नसेल, तर नुसता नियम सांगून काय उपयोग? अब्बांना हे विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर्ज म्हणून देता येईल. झाडाच्या बदल्यात नाही." किती देता येईल, याचा हिशेब ते अजून करताहेत.