न विचारलेला प्रश्न

पाठीच्या कण्यावर हातांनी उपचार करण्याच्या ‘कायरोप्रॅक्टिक’ पद्धतीचा जनक डॅनियल डेव्हिड पामर हा एके काळी आमच्यासारखाच शाळामास्तर होता, हे वाचून आम्हांस मौज वाटली. पुढे त्याने मधमाश्या पाळल्या, किराणा विकला, चुंबकीय उपचारही केले. १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे, त्याचा दवाखाना असलेल्या इमारतीची झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड त्यास भेटला. तो १७ वर्षे बहिरा होता. हे कशाने झाले, असे पामरने विचारले. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकले, तेव्हापासून, असे उत्तर मिळाले. पामरने मणका दाबला व त्यास ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा. श्रवणाचा मज्जातंतू कण्यातून जातच नाही. म्हणून वैद्यकशास्त्र तो मानीत नाही, आणि आम्हीही नाही.

पण त्याने विचारले, हे मात्र मनातून जाईना. आमच्या शाळेच्या शिपायाला कमी ऐकू येते. दुसऱ्या हाकेला येतो म्हणून आम्ही वर्षानुवर्षे त्याच्यावर खेकसत आलो. परवा त्याला समोर बसवून विचारले, “अहो, हे कधीपासून?”

“इंदूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा मागखात्यात होतो, साहेब. तिथला आवाज...” एवढे बोलून तो घंटा द्यायला उठला.