कळ कमरेतून येते

आम्ही दोघी जावा. थोरलीचं बाळंतपण अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये, धाकटीचं अमरावतीच्या डफरीनमध्ये. दोघींच्याही अम्मींनी एवढंच सांगितलं होतं, ''सबर ठेव.''

कळ पोटात उठेल असं वाटलं होतं. ती कमरेतून आली, मांड्यांत उतरली, पोट दगडासारखं घट्ट करून ओसरली. सिस्टर तपासून म्हणाली, ''पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलंय.'' दहा व्हायला अख्खी रात्र गेली. शेवटी शौचाला लागल्यासारखा जोर आला. धाकटी लाजेने कुणाला न सांगता संडासाकडे निघाली होती. आयाने अडवलं, म्हणून बाळ टेबलावर झालं. अल्हमदुलिल्लाह!

हजरत मरियम (अ.) यांच्या प्रसववेदनांचा उल्लेख कुरआनात आहे. मग आपल्याच घरात एवढा पडदा कशाला?

नणंदेला आठवा लागलाय. तिला आम्ही सगळं सांगितलं, संडासाचंही.