चार पिशव्या आणि एक झूल

प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री मनुष्याचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका तो एरवी क्वचितच पडत असेल. ट्रंकेचे झाकण वर झाले, की मनातील एकेक शंका घडी घालून आत जाऊ लागते. थंडी फार पडली तर? पाऊस आला तर? कोणी ओळखीचे भेटले आणि त्यांनी जेवावयास बोलाविले तर? अशा प्रत्येक ‘तर’साठी एकेक वस्त्र आत जाते, आणि सकाळी ट्रंक उचलताना पाठीत जी कळ येते ती त्या सर्व ‘तरां’ची मिळून असते. आमच्या घरी ही चाल वडिलार्जित होती. ती मोडावयास कोणाचा उपदेश कारण झाला नाही. आमचा कुत्रा कारण झाला.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही उभयता व आमची कन्या पुण्याहून माथेरानला गेलो होतो. हरण्याला बरोबर न्यावयाचे असे ठरलेही होते. परंतु निघण्याच्या वेळी मोटारीच्या मागील बाजूस पाहतो तो दोन ट्रंका, एक वळकटी, फराळाचे डबे आणि पादत्राणांची एक निराळीच पिशवी! हरण्याने बसावे कोठे? ‘चार दिवसांचा तर प्रश्न,’ असे म्हणून आम्ही त्यास वडीलबंधूंच्या स्वाधीन केले आणि निघून गेलो. परत आल्यावर दुसरी ट्रंक रिकामी करताना सौभाग्यवतींनी आमच्यासमोर सहा कपडे मांडले. त्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती. ज्या जागेवर हरण्या बसावयाचा, त्या जागेवर हे सहा कपडे हवा खाऊन परत आले होते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा माथेरानचा बेत निघाला. या खेपेस मातोश्रींनीही यावे असा आमचा आग्रह होता. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर, सोवळे कडक. हरण्या आमच्या घरी आल्यापासून त्याने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडल्याचे उदाहरण नाही, आणि त्याला हाताने कुरवाळताना मातोश्रींना कोणी पाहिलेले नाही. त्यामुळे एकाच मोटारीत दोघांची सोय कशी लावावी या विवंचनेत आम्ही असता त्याच म्हणाल्या, ‘मी येते, पण त्याला मागे ठेवायचे नाही. गेल्या खेपेला तुम्ही तिकडे होतात. तो चार दिवस फाटकाकडे तोंड करून पडवीत बसला होता. भाकरी पुढे ठेवली की वास घेई आणि मान फिरवी. ते मी पाहिले आहे. पुन्हा नाही पाहवणार.’

त्यावर आम्हांस बोलावयास जागाच उरली नाही. दोन्ही ट्रंका माळ्यावर गेल्या आणि माणशी एक पिशवी असा नियम झाला.

माथेरान हे स्थान असा नियम शिकण्यास फार योग्य आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर गोऱ्या लोकांच्या नजरेस आणला. १९०७ साली आदमजी पीरभाई यांच्या घराण्याने नेरळपासून वरपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी सुरू केली. परंतु मोटारीला मात्र या गावाने आजवर आत येऊ दिलेले नाही. २००३ साली हा सारा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. आपली मोटार दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. आपण अधिक घेतलेली प्रत्येक वस्तू येथे एक तर आपल्या खांद्यावर बसते, नाही तर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर. घरी ट्रंकेत टाकताना जे लुगडे केवळ ‘असू द्यावे’ म्हणून टाकले, ते एका हमालाच्या मानेवर चढ चढत आहे, हे मागून चालताना पाहिले म्हणजे पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो.

आता वस्त्रांविषयी. माथेरानची माती जांभ्या दगडाची, तांबडी. गेल्या खेपेस आमचे पांढरे सदरे दुसऱ्याच दिवशी भगवे झाले होते. म्हणून या वेळी सौभाग्यवतींनी तीनच रंग ठरविले : गेरूच्या जवळचा तपकिरी, करडा आणि फिका मोतिया. तीन सदरे व दोन विजारी अशा बेताने घेतल्या की कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर शोभावा. तीन आणि दोन मिळून वस्त्रे पाचच, परंतु जोड सहा होतात, हे त्रैराशिक आमच्या ध्यानात इतक्या वयात प्रथमच आले. सौभाग्यवतींनी व कन्येने आपले सलवार-कमीज याच हिशेबाने निवडले. ‘एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत’ हे सूत्र पाळले म्हणजे चार दिवस काय, चौदा दिवसही निघतात. मात्र रात्री धुतलेले सकाळी वाळेल असे पातळ कापड हवे. उबेसाठी माणशी एक लोकरी वस्त्र पुरे. भिजलेले सुती कापड अंगाला गार लागते. लोकर दमट झाली तरी ऊब सोडीत नाही. पादत्राणे दोन : वापरून मऊ झालेले जाड तळव्याचे बूट आणि साधी चप्पल. माथेरानच्या वाटा सुट्या खड्यांच्या आहेत. तेथे नव्या बुटांची हौस करू नये.

मातोश्रींची पिशवी सर्वांत लहान निघाली. दोन लुगडी, एक शाल, आणि पूजेची धाबळी. धाबळी लोकरीची, म्हणून सोवळ्यात चालते, रोज धुवावी लागत नाही, आणि पहाटे थंडीत पांघरताही येते. आम्ही तीन रंगांचे गणित मांडून जे साधले, ते त्यांच्या पिढीला न मांडताच साधत होते.

राहिला हरण्या. तो कारवान, म्हणजे मुधोळ जातीचा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी आश्रय दिलेली ही शिकारी जात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत हिचेही चित्र होते. अंग सडपातळ, छाती खोल, पोट आत गेलेले, आणि केस इतके आखूड की कातडीवरची शीर दिसावी. अशा कुत्र्यास डोंगरावरील पहाट बाधते, म्हणून झूल हवी. दाट केसांच्या कुत्र्यास ती मुळीच नको. निसर्गाने दिलेल्या कोटावर दुसरा कोट घालणे ही त्याची सेवा नव्हे, आपली हौस होय.

बाजारातील तयार झुली हरण्याला होईनात. छातीला बसावी ती कमरेवर लोंबे, कमरेला बसावी ती छातीवर चढेना. अखेर घरी शिवावयाचे ठरले. माप दोन ठिकाणी घ्यावयाचे : मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, आणि पुढील पायांच्या मागून छातीचा घेर. पट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज जावीत इतकी सैल असावी. पोटाचा मागचा भाग व चारही पाय मोकळे राहावेत. छातीपट्ट्याची कडी बाहेर येण्यास पाठीवर एक भोक ठेवावे. बटणे लावू नयेत, कुत्रा ती चावून गिळतो. नाडी काट्यांत अडकते. वेल्क्रोची पट्टी उत्तम.

कापडाचा प्रश्न निघाला तेव्हा कन्येने हट्ट धरला, की आपल्या सर्वांच्या कपड्यांशी हरण्याची झूल जुळलीच पाहिजे, आणि तिला तांबडा काठ हवा. आम्ही तिला सांगितले, ‘बाळ, कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग बरे कळतात, तांबडा त्याला आपल्यासारखा दिसत नाही, मळकट भासतो. तुझा काठ त्याच्या काय कामाचा?’ ती हिरमुसली. इतक्यात मातोश्री आतून एक जुने लुगडे घेऊन आल्या. तपकिरी अंग, तांबडे काठ, धुऊन धुऊन मऊ झालेले. ‘याची गोधडी करणार होते,’ त्या म्हणाल्या. ‘त्यालाच करा. अंगभर टाके घाला म्हणजे फाटणार नाही.’ लुगड्याचे चार पदर, मध्ये जुन्या शालीचा तुकडा, आणि वरून गोधडीचे धावदोरे. दोन संध्याकाळी सासू-सुनांनी बसून झूल पुरी केली.

हरण्याच्या पिशवीत झुलीखेरीज इतकेच होते : छातीपट्टा, पाच फुटांची दोरी, तशीच एक जास्तीची, पाण्याचे भांडे, अंग पुसण्यास जुना पंचा, त्याचे नेहमीचे अन्न, गोचीड काढण्याचा चिमटा, आणि लस टोचल्याचे पुस्तक. ज्यांना आगगाडीने जावयाचे असेल त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की कुत्र्यास शयनयानात अगर वातानुकूलित दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार जणांचा संपूर्ण कक्ष आपल्या नावाने असेल तरच तो आपल्यापाशी राहू शकतो. नाही तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. कारवानसारख्या पातळ अंगाच्या प्राण्यास रात्रीच्या प्रवासात तेथे झूल फार उपयोगी पडते.

दस्तुरीवर उतरलो तेव्हा आमच्या हातांत काय आहे हे पाहून दोन हमाल जवळ आले आणि हसून परत गेले. त्यांची मजुरी बुडाली याचे मात्र वाईट वाटले. मातोश्रींना, सौभाग्यवतींना व कन्येला अमन लॉजच्या ठाण्यावरून छोट्या गाडीत बसवून आम्ही हरण्यासह पायी निघालो. पाठीवर पिशवी आणि एका हातात दोरी. दुसरा हात मोकळा. या मोकळ्या हाताचे महत्त्व वाटेत कळले. समोरून घोडे येत, हरण्या बिचके, त्याला जवळ ओढून, वाटेच्या कडेला उभे राहून, मानेवर हात ठेवावा लागे. वर माकडे आणि एकदा शेकरू, तेव्हाही तेच. मागल्या खेपेसारख्या दोन्ही हातांत पिशव्या असत्या तर हे कोणी केले असते? ऊन चढू लागले तशी हरण्याने जीभ बाहेर काढली. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो निवतो. जीभ बाहेर आली की झूल उतरवावी, हा आमचा नियम.

दुसऱ्या दिवशी शार्लट तलाव, पिसारनाथाचे देऊळ आणि सायंकाळी लुईसा पॉइंट झाला. समोर प्रबळगडावर सूर्य उतरत होता. मातोश्री एका दगडावर शाल पांघरून बसल्या होत्या, आणि तीन हातांवर हरण्या आपल्या झुलीत. काठ तोच, रंग तोच. कन्या म्हणाली, ‘आजी, तुमचे दोघांचे जुळले!’ मातोश्रींनी ऐकले न ऐकलेसे केले.

पण खरे जुळणे आदल्या रात्रीच आमच्या ध्यानात आले होते. परक्या खोलीत हरण्या काही केल्या बसेना. दार, खिडकी, पुन्हा दार. सतरंजी घातली, ती नको. पंचा घातला, तोही नको. शेवटी झूल काढून जमिनीवर पसरली. त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली, एकदा सुस्कारा सोडला, आणि काठावर नाक ठेवून तो झोपी गेला. रंगांची संगती आम्ही आमच्यासाठी जमविली होती. त्याची संगती वासाची; आणि त्या लुगड्यास आमच्या घराचा, देवघराचा, मातोश्रींच्या पेटीतील वाळ्याचा वास होता. ज्या स्वयंपाकघरात त्याला कधी पाऊल टाकता आले नाही, त्याचाही असेल.

मातोश्री अंथरुणावर बसून हे पाहत होत्या. कन्येने गोष्ट सांगा म्हटले, तेव्हा त्यांनी पांडवांच्या महाप्रस्थानाची सांगितली. अंगावरचे अलंकार उतरून पांडवांनी वल्कले नेसली आणि ते निघाले. पाच भाऊ, द्रौपदी, आणि मागून एक कुत्रा. एकेक जण वाटेत पडला. शेवटी धर्मराज आणि तो कुत्रा उरले. आणि इंद्राने रथ आणला तेव्हा धर्मराज त्याला सोडून चढावयास तयार झाले नाहीत.

‘त्यांनी सामान काय काय घेतले होते?’ कन्येने विचारले.

‘काही नाही,’ मातोश्री म्हणाल्या, आणि दिवा मालवला.

परत आल्यावर पिशव्या रिकाम्या करावयास पाव घटकाही लागली नाही. घडी न मोडलेले एकही वस्त्र निघाले नाही. झूल धुवावयास टाकावी म्हणून सौभाग्यवतींनी उचलली, तो मातोश्री म्हणाल्या, ‘राहू दे आणखी चार दिवस. धुतलीस तर वास जाईल तिचा.’ ती सध्या पडवीत आहे, आणि हरण्या तीवर फाटकाकडे पाठ करून निजतो.