कॉपरगेट

७ ऑक्टोबर, यॉर्क
लेकीकडे येऊन दोन दिवस झाले. आज ती कामावर गेल्यावर जुन्या गावाचा नकाशा पसरून बसले आणि ‘कॉपरगेट’पाशी बोट थांबलं. माझं माहेर पुण्याच्या तांबट आळीतलं, हातोड्यांच्या ठोक्यांवर जाग येणारं. कॉपर म्हणजे तांबं, गेट म्हणजे दरवाजा. वाटलं, इथेही आपलेच लोक!

८ ऑक्टोबर
दरवाजा शोधत फिरले. नाहीच. संध्याकाळी लेकीनं उलगडा केला. ८६६ साली डेन लोकांनी हे शहर घेतलं. त्यांच्या बोलीत ‘गाटा’ म्हणजे रस्ता, त्याचंच पुढे ‘गेट’ झालं. वेशीला इथे ‘बार’ म्हणतात. म्हणून मिकलगेट हा ‘मोठा रस्ता’, आणि त्याच्या टोकाची वेस मिकलगेट बार. राज्य गेलं, पण रस्त्याचा शब्द हजार वर्षं लोकांच्या तोंडात राहिला.

९ ऑक्टोबर
शॅम्बल्स. खाटकांची गल्ली, नाव मांस मांडायच्या फळ्यांवरून पडलेलं. वरचे मजले इतके पुढे झुकलेत की आभाळाची चिंधीच दिसते. आता खाटीक नाहीत; दुकानांबाहेर जुने आकडे तेवढे आहेत.

११ ऑक्टोबर
पाऊस. योर्विक संग्रहालयात गेले. कॉपरगेटला १९७६ ते १९८१ खोदकाम झालं, त्याच जागी हे १९८४ साली उघडलं. आणि इथे माझं तांबं गेलं! ‘कॉपर’चा तांब्याशी संबंध नाही, तो लाकडी पेले, वाडगी करणाऱ्यांचा शब्द. म्हणजे ही तांबट आळी नव्हे, कातारआळी. ओल्या, हवाबंद मातीत लाकूड कुजलं नाही, त्यामुळे वाडग्यांसोबत ती कातताना मधून निघालेले गाभेही सापडले. टाकाऊ तुकडे! त्यांच्यासमोर मी किती वेळ उभी होते. अर्थ विसरून लोक शतकानुशतकं ते नाव घेत राहिले, आणि जमिनीनं ते खरं ठरवलं. लोकरीचा एक मोजाही निघालाय, पण माझे डोळे पुन्हा पुन्हा त्या गाभ्यांकडेच वळत होते.

बाहेर आल्याआल्या दादाला फोन लावला. पुण्यात दुपार टळली होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तिथे आता कातारी किती उरलेत गं?”

रस्त्यावरून बस गेली. “एकही नाही,” म्हटलं.