अपराधी मुद्रा

धन्याने दरडावताच कुत्रे कान पाडते, नजर चुकवते, शेपूट पायांत घालते. आणि माणूस म्हणतो, ‘बघा, चूक कळली!’ न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांच्या बाबतीत हा समज तपासला. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे धन्यांना कधी खरे सांगितले, कधी खोटे. अपराधी मुद्रा उमटली ती गुन्ह्यामुळे नव्हे, रागावण्यामुळे. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री तर बोलणी खाताना अधिकच ओशाळी दिसली. पश्चात्ताप म्हणून वाचली जाते ती बहुधा भीतीच. कुत्र्याला धन्याचा राग बिनचूक उमगला होता. धन्याला मात्र कुत्रे वाचता आले नाही. प्राण्यांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या माणसाचीच नीती घालणाऱ्या आपल्या प्राणिकथांचाही या गैरवाचनात थोडा वाटा असावा.