दिव्याखालची चिलटे

माघ सरता सरता रायगडच्या किनाऱ्यावरील खाजणांतून आणि मिठागरांलगतच्या साचलेल्या पाण्यातून चिलटांचे थवे उठू लागतात. तिन्हीसांजेला दिवा लागला की भिंत काळवंडते. आपल्या घरी वडीलधारे माणूस असेल, तर "डास आले, कॉइल लावा" ही आज्ञा आपणही ऐकली असेल.

आमच्या सासूबाईंना दम्याचा विकार आहे. कॉइलचा धूर त्यांना सोसत नाही आणि डासांचे भय त्यांना स्वस्थ बसू देत नाही. त्यामुळे भिंतीवर नेमके कोण बसले आहे, हे ओळखणे आमच्या घरी औषधाइतकेच आवश्यक ठरले.

आपणही सकाळी दिव्याखाली पडलेले कीटक पांढऱ्या कागदावर घ्यावेत आणि भिंगातून पाहावेत. डासाला पुढे लांब, सरळ सोंड असते. न चावणाऱ्या चिलटाला ती नसते. बसताना डास बहुधा मागचे पाय उचलतो, तर हे चिलट पुढचे पाय उचलून धरते. डोक्यावरच्या पिसांसारख्या मिशांवर मात्र विसंबू नये. त्या नर चिलटाला असतात, तशा नर डासालाही असतात.

या चिलटांच्या अळ्या चिखलात वाढतात. त्यांपैकी कित्येकींचा रंग लाल असतो, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. उरणच्या पाणजे पाणथळीसारख्या ठिकाणी हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या चिखलपायट्या पक्ष्यांचे ते खाद्य आहे. प्रौढ चिलट थोडेच दिवस जगते आणि माणसाचे रक्त शोषीत नाही.

तथापि दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मेलेल्या चिलटांची भुकटी श्वासावाटे गेल्यास काहींना ॲलर्जी होते, दमाही बळावतो. म्हणून ती झाडू नयेत, ओल्या फडक्याने टिपून घ्यावीत. शिवाय एक ते तीन मिलिमीटरची काही चिलटे खरोखरच चावतात, आणि नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरतात. त्यांच्यासाठी बारीक जाळी हवी. अंगभर कपडे घालावेत आणि पंखा चालू ठेवावा. वाऱ्यापुढे त्यांचे उड्डाण टिकत नाही.

संध्याकाळी खिडकीजवळचा दिवा मालवून आतला मंद दिवा लावला, तर भिंतीवरची गर्दी पुष्कळच ओसरते. सोंडवाला डास आढळला, तर मच्छरदाणी लावावी, साठवलेले पाणी झाकावे. ताप आल्यास डॉक्टरांकडून रक्त तपासून घेण्यास विलंब करू नये.

भिंग मात्र घरातील वृद्धांच्याच हाती द्यावे. आमच्या सासूबाई आता रोज सकाळी कागदावरच्या कीटकांचा निवाडा करतात. "ह्याला सोंड नाही," असे त्यांनी स्वतः सांगितले, की त्या रात्री त्या कॉइल मागत नाहीत.